बोनेरमधलं स्नॉर्कलिंग: चौघांच्या कुटुंबासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणारं एक मराठी कुटुंब एप्रिलच्या सुट्टीत आठवडाभर कॅरिबियनमधल्या बोनेर बेटावर येणार आहे. ताईंना बऱ्यापैकी पोहता येतं. ९ वर्षांचा मुलगा तलावात पोहायला शिकलाय. नवऱ्याला छातीभर पाण्यापलीकडे धीर होत नाही. ६४ वर्षांच्या सासूबाईंना पोहता येत नाही, गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. मालवणला एकदा स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघणं) केलंय, तेवढाच अनुभव. त्यांना विचारायचंय की बोटीच्या सहली आधीच बुक कराव्यात का, कुठल्या जागा चुकवू नयेत, अख्खा चेहरा झाकणारा मास्क घ्यावा का, आणि सासूबाईंना पाण्यात न्यावं की किनाऱ्यावर सावलीत बसवावं.

मी या बेटावर बरीच वर्षं स्नॉर्कलिंग आणि डायव्हिंग शिकवते, आणि असे प्रश्न घेऊन येणारी कुटुंबं नेहमी भेटतात. आधी मुद्द्याचं सांगते. बोटीची सहल एकच घ्या, तीही आठवड्याच्या शेवटाकडे. जागांची यादी निम्मी करा. पहिला संपूर्ण दिवस फक्त वाळूवर, कमरेएवढ्या पाण्यात घालवा. सासूबाईंना पाण्यात न्यायला हरकत नाही, पण काही अटींवर. त्या पुढे सांगते.

बोनेर हे व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याच्या उत्तरेला असलेलं डच बेट. २०१० पासून ते नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे, पण चलन मात्र अमेरिकन डॉलर. इथे वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा आपटत असतात आणि पश्चिम किनारा आडोशाला राहून शांत असतो. भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. प्रवाळ किनाऱ्याला अगदी लागून आहे, म्हणून रस्त्याकडेला गाडी लावायची आणि चालत पाण्यात शिरायचं अशीच इथली पद्धत पडली आहे. रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड दिसतील, त्यांवर जागेचं नाव लिहिलेलं असतं. संपूर्ण बेटाभोवतीचं पाणी, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत, १९७९ पासून संरक्षित सागरी उद्यान आहे.

मालवणात गाइड तुम्हाला होडीतून खडकांपाशी नेतो, रिंग धरायला देतो आणि हाताला धरून फिरवून आणतो. बोनेरला किनाऱ्यावर तुम्ही आणि समुद्र, मध्ये कुणी नाही. हीच इथली मजा आणि हीच इथली जबाबदारी. दुखापती होतात त्या बहुतेक पाण्यात शिरताना किंवा बाहेर पडताना, गुडघाभर पाण्यात. किनारा बऱ्याच ठिकाणी टोकदार चुनखडीचा आहे, खाली प्रवाळाचे सुटे तुकडे असतात आणि ओल्या खडकावर शेवाळ. त्यामुळे सगळ्यांसाठी जाड तळव्याचे पाण्यातले बूट घ्या, आणि फिन्सही (पायात चढवायचे पोहण्याचे पंखे) असे घ्या जे बुटांवरून घालता येतात. फिन्स हातात धरून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत चालत जायचं, एकमेकांच्या खांद्याचा आधार घेऊन ते पाण्यातच चढवायचे. फिन्स घालून किनाऱ्यावरून चालायचं नाही. चालावंच लागलं तर उलटं, पाठमोरं चाला.

आता मास्क. अख्खा चेहरा झाकणारा मास्क मी माझ्या कुणाही विद्यार्थ्याला देत नाही. तो पटकन काढता येत नाही, आत पाणी शिरलं की माणूस घाबरतो, आणि स्वस्त बनावटीत सोडलेला श्वास पूर्ण बाहेर न जाता पुन्हा आत ओढला जाण्याची शक्यता असते. साधा सिलिकॉनचा मास्क आणि आखूड, रुंद नळीचा स्नॉर्कल घ्या. नळी जितकी लांब आणि अरुंद, तितका श्वास ओढायला जोर लागतो. दुकानात मास्क बघताना पट्टा डोक्यावर न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चेहऱ्याला धरून राहिला तर तो तुमचा. मुलासाठी मुलांच्याच मापाचा घ्या. मोठ्यांचा पट्टा आवळून चालत नाही. सासूबाईंना चष्मा असेल तर नंबरच्या काचांचे मास्क तयार मिळतात. पण ते जवळचं काम करायच्या चष्म्यासाठी नव्हे, दूरचं दिसत नसेल तर उपयोगी. तसंही पाण्यात मास्कमधून सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं आणि एक चतुर्थांश जवळ दिसतं, त्यामुळे लहान नंबर असेल तर साध्या मास्कनेही भागतं.

तुमच्या यजमानांना मिशी असेल तर त्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपणारच. नाकाखालची केसांची बारीक पट्टी, मास्कची कड टेकते तेवढीच, काढली तर प्रश्न मिटतो. मिशी राखायचीच असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. व्हॅसलिन लावू नका, त्याने मास्कचं सिलिकॉन खराब होतं. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोनतीनदा घासून काढला नाही तर काच कितीही केलं तरी धुरकटते. नंतर रोज लहान मुलांच्या शॅम्पूचा एक थेंब पुरतो.

पहिल्या दिवशी विमानतळाजवळच्या ते आमो किंवा बॅचलर्स या किनाऱ्यांपैकी एकावर सकाळी लवकर जा. तिथे वाळू आहे, उतार सौम्य आहे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फक्त तोंड बुडवा आणि स्नॉर्कलमधून श्वास घ्या. आत घ्यायला जितका वेळ, त्याच्या दुप्पट सोडायला. असं दहा-पंधरा मिनिटं. मग मुद्दाम मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाशी दाबून धरा आणि नाकाने जोरात फुंकून ते बाहेर काढा. नळीत पाणी शिरलं तर तोंडाने एकच जोरदार फुंकर. हे तिन्ही जमेपर्यंत मासे बघायला जायचं नाही. यजमानांच्या बाबतीत तर हे अगदी काटेकोर पाळा. पोहता न येणारा माणूस खोल पाण्याला जितका भितो, त्याहून नाकातोंडात गेलेल्या घोटभर पाण्याने जास्त दचकतो. ते पाणी काढता येतं हे अंगवळणी पडलं की पुढचं सगळं सोपं होतं. अंगावर तरंगणारं जाकीट असू द्या, हवा भरायचं किंवा फोमचं. त्यात कमीपणा काही नाही. चांगले पोहणारेसुद्धा ते घालतात, कारण मग हातपाय न मारता एका जागी तरंगत राहता येतं.

सासूबाईंसाठी अटी अशा. निघण्यापूर्वी हृदय, रक्तदाब आणि फुप्फुसं डॉक्टरांना दाखवून घ्या, आणि "स्नॉर्कलिंग करणार आहे" हे स्पष्ट सांगा. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करताना झालेल्या मृत्यूंचा अभ्यास झाला आहे. त्यातून असं पुढे आलं की काही जणांना नाकातोंडात पाणी न जाताही त्रास झाला असावा: अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढताना फुप्फुसांतच पाणी साठत गेलं. याची खूण ओळखा. विनाकारण धाप लागणं, हातापायांतली शक्ती गेल्यासारखं वाटणं. असं झालं तर लगेच मास्क काढायचा, उताणं व्हायचं, हाक मारायची आणि पाण्याबाहेर यायचं. "थोडं थांबून बघू" असं म्हणायचं नाही. बाकी, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात, जाकीट घालून, तुमच्या दंडाला धरून त्यांनी पंधरा-वीस मिनिटं मासे बघायला काहीच अडचण नाही. नातवाबरोबर तोंड बुडवून त्यांना जो आनंद होईल, तो किनाऱ्यावरच्या खुर्चीत बसून मिळणार नाही. त्यांनी पाण्यात यावं असं मला मनापासून वाटतं.

जागांबद्दल. इंटरनेटवर सगळीकडे 'थाउजंड स्टेप्स' दिसेल. नाव हजारचं असलं तरी पायऱ्या सत्तरच्या आसपास आहेत. पण त्या उंच-सखल चुनखडीच्या आहेत, परतीला ओल्या सामानासकट चढायच्या आहेत आणि पाण्यात शिरतानाही गोटे आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ती जागा नाही. एका सकाळी तुम्ही आणि मुलगा जा, बाकीचे दोघं वर थांबतील. कासवं दिसण्याची शक्यता तिथे चांगली. सॉल्ट पिअर ही दक्षिणेकडची मिठागराची जेटी आहे. तिच्या खांबांवर नारिंगी-जांभळे स्पंज चढलेत आणि खांबांमध्ये माशांचे थवे उभे असतात. मात्र मीठ न्यायला जहाज लागलेलं असेल तर पाण्यात उतरायला मनाई असते, आणि तिथे शिरण्याची वाट गोट्यांची आहे. तिथून पुढे त्याच रस्त्यावर गुलामांच्या दगडी झोपड्या लागतात. माणूस धड उभा राहू शकणार नाही एवढ्या त्या ठेंगण्या आहेत, आणि मिठागरात राबणाऱ्या माणसांना त्यात झोपावं लागे. मुलाला घेऊन तिथे थांबा आणि त्याला ते नीट सांगा.

पूर्वेकडच्या लाक खाडीत खारफुटी आहे. मार्गदर्शकाबरोबर कायाकमधून आत जाता येतं आणि मुळांमध्ये लपलेली माशांची पिल्लं बघता येतात. तळाशी उलटी पडलेली जेलीफिश असते, ती पाण्यात चरचरणारा चिकट स्राव सोडते. म्हणून तिथे पूर्ण पायांची लेगिंग घाला. उत्तरेच्या वॉशिंग्टन स्लागबाई राष्ट्रीय उद्यानात मात्र या वेळी जाऊ नका असं मी सुचवेन. रस्ता खडबडीत, दिवस अख्खा जातो, आणि उतरायच्या जागा नवशिक्यांच्या नाहीत.

बोटीची ती एकमेव सहल क्लाइन बोनेरसाठी राखून ठेवा. क्रालेंडाइक या राजधानीच्या समोर, एक किलोमीटरहूनही जवळ असलेलं हे निर्जन, सपाट बेट. पाणटॅक्सी तुम्हाला नो नेम नावाच्या किनाऱ्यावर सोडते. तिथे प्रवाह बहुधा किनाऱ्याला समांतर असतो, त्यामुळे वाळूवरून वरच्या अंगाला चालत जायचं, पाण्यात उतरायचं आणि प्रवाहाबरोबर तरंगत परत यायचं. पायांना कष्ट नाहीत, आणि खालून प्रवाळाची भिंत सरकत जाते. पण तिथे निळं खोल पाणी अगदी जवळ येतं. ते पहिल्यांदा खाली दिसलं की पोटात गोळा येतो, म्हणूनच ही सहल पाचव्या-सहाव्या दिवशी. उतरण्यापूर्वी प्रवाहाची दिशा बोटीवाल्याला विचारा. बेटावर पाणी, शौचालय काहीच नाही, सावलीही जेमतेम. परतीच्या बोटीची वेळ विचारून ठेवा.

जागा कमी ठेवा असं का म्हणते ते सांगते. नवखा माणूस पाण्यात सारखा पुढे पुढे जातो, आणि माशांना तो पाठलाग वाटतो. तुम्ही दोन-तीन मीटर खोल पाण्यावर, एका मोठ्या प्रवाळाच्या शेजारी पाच-सात मिनिटं नुसतं तरंगत थांबा. आधी ऐकू येईल ते कुरकुर असा आवाज. ते पोपटमासे चोचीसारख्या दातांनी दगडावरचं शेवाळ खरवडतायत. खरवडलेला चुना त्यांच्या पोटातून वाळू होऊन बाहेर पडतो, तो बारीक पांढरा ढग तुम्हाला दिसेलही. तपकिरी-लालसर आणि झगझगीत हिरवा असे दोन वेगळे मासे वाटतात, ते बऱ्याचदा एकाच जातीचे असतात. मादीचा पुढे नर होतो आणि रंग पालटतो. मग एक बोटभर लांबीचा करडा मासा थेट तुमच्या मास्कवर धावून येईल. त्याला डॅमसेल म्हणतात. त्याने प्रवाळाच्या बेचक्यात स्वतःची शेवाळाची वाडी राखलेली असते आणि तो कुणालाही हुसकावतो. एकटादुकटा मासा त्याच्यापुढे टिकत नाही, पण निळ्या टँग माशांचा शंभरएक जणांचा थवा आला की त्याची धावपळ व्यर्थ जाते, आणि मिनिटभरात वाडी फस्त. जवळच्या चाबकासारख्या मऊ प्रवाळात एक काडी उभी दिसेल. ती काडी डोळा हलवते. तो ट्रम्पेटफिश, डोकं खाली करून दबा धरलेला. कधी तो मोठ्या पोपटमाशाच्या पाठीला चिकटून पोहतो, म्हणजे भक्ष्याला तो दिसतच नाही. हे सगळं एकाच दगडाभोवती, मुलाला उभं राहता येईल त्याच्या जरासं पुढच्या पाण्यात. दिवसाला तीन किनारे पालथे घालणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही.

कासव दिसलं की त्याच्या मागे लागू नका. त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं, आणि वरती चार माणसं घिरट्या घालत असली तर ते येत नाही, लांब जातं. तुम्ही चरणाऱ्या कासवाच्या बाजूला, लांब थांबलात तर ते खुशाल चरत राहतं आणि तुमच्या शेजारून वर येऊन श्वास घेऊन जातं. हात लावणं तर बेकायदेशीर आहे. प्रवाळालाही हात नाही, पाय नाही. इथे हातमोजे घालायला बंदी आहे, ती याच कारणाने: मोजे असले की माणूस बिनधास्त पकडतो. मोहरीसारख्या पिवळट रंगाचं, पांढऱ्या टोकांचं प्रवाळ दिसलं तर विशेष जपा. ते फायर कोरल, आणि आग खरंच होते. लागलंच तर खाजवू नका, व्हिनेगर ओता.

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन बेटावर बंद आहे. न्यू जर्सीतून नेहमीची बाटली आणू नका. खरं तर लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट आणि लेगिंग हाच सर्वांत चांगला उपाय. एप्रिलमध्ये वारा भरपूर असतो, ऊन जाणवत नाही आणि पाठ व पोटऱ्या भाजून निघतात. पाणी साधारण २७ अंश असतं, पण मुलगा अर्ध्या तासात कुडकुडेल. ओठ निळसर दिसले की बाहेर काढायचं. किनारा पश्चिमेला आणि वारा पूर्वेचा, म्हणजे वारा तुम्हाला समुद्राकडे ढकलतो. जाकीट घालून निवांत तरंगताना हे कळतही नाही. दर काही मिनिटांनी डोकं वर काढून पिवळा दगड आणि आपली गाडी कुठे आहे ते बघायची सवय चौघांनाही लावा.

गाडीत काहीही ठेवू नका. किनाऱ्यावर लावलेल्या गाड्यांतून चोऱ्या होतात, म्हणून इथले लोक गाडी रिकामी ठेवतात. पासपोर्ट, फोन खोलीवर. जेवणासाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, शाकाहारी असाल तर जास्तच. नळाचं पाणी खुशाल प्या, ते समुद्राचं पाणी गोडं करून केलेलं आणि स्वच्छ असतं. येण्यापूर्वी बेटाचा प्रवेश कर ऑनलाइन भरा, मोठ्यांना तो माणशी ७५ डॉलर आहे. सागरी उद्यानाचं शुल्क वेगळं. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी व्हिसाचं आत्ताच बघावं: शेंगेन व्हिसा वेगळा, डच कॅरिबियनचा वेगळा, आणि अमेरिकेतल्या वास्तव्याच्या कागदपत्रांनुसार कुणाला सूट मिळते हे डच सरकारच्या संकेतस्थळावर दिलेलं असतं. सासूबाई पर्यटक व्हिसावर आल्या असतील तर त्यांचं प्रकरण तुमच्याहून वेगळं पडू शकतं.

एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. फोटोंत पाहिलेलं प्रवाळ आणि तुम्हाला दिसेल ते प्रवाळ यांत फरक असेल. २०१४ मध्ये फ्लोरिडात पहिल्यांदा आढळलेला, दगडी प्रवाळाची कातडी सोलून काढणारा रोग मार्च २०२३ मध्ये बोनेरला पोचला. त्याच वर्षी समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं. मेंदूसारख्या वळ्यांचे, शेकडो वर्षं वाढलेले गोळे काही आठवड्यांत मेलेले मी पाहिलेत, आणि ज्या जागांवर मी शिकवायला जाते तिथे ते रोज बघावे लागतात. या रोगाचा प्रसार ओल्या सामानातून होऊ शकतो, म्हणून दुसऱ्या बेटावर वापरलेले मास्क-फिन्स ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवून, गोड्या पाण्याने धुऊन, कडकडीत वाळवून मगच इथे आणा. तरीही बघण्यासारखं खूप शिल्लक आहे. पोपटमाशांच्या मासेमारीवर २०१० पासून बंदी आहे, त्यामुळे ते भरपूर आहेत. उथळ पाण्यात हरणाच्या शिंगांसारखं प्रवाळ रोपवाटिकेत वाढवून पुन्हा लावलं जातंय. ते दिसलं तर त्यापासून जरा लांबून जा.

तुमचा आठवडा पौर्णिमेनंतरच्या दोन ते पाच दिवसांवर येत असेल तर एक संध्याकाळ मोकळी ठेवा. सूर्यास्तानंतर साधारण पाऊण तासाने, चंद्र उगवायच्या आत, ऑस्ट्रॅकॉड नावाचे तिळाएवढे जीव मादीला बोलावण्यासाठी पाण्यात निळ्या ठिपक्यांच्या माळा सोडतात. विजेरी बंद ठेवावी लागते. नवख्यांनी हे पाण्यात उतरून बघायचं नाही. एखाद्या जेटीच्या कडेला, शहराच्या दिव्यांपासून दूर बसूनही दिसतं. सासूबाई आणि यजमान दोघांनाही ते जमेल.

आणि यजमानांसाठी: एप्रिलला अजून वेळ आहे. घराजवळच्या बंदिस्त तलावात मोठ्यांचे पोहण्याचे वर्ग असतात, तिथे नाव घाला. पोहण्याचे प्रकार शिकायची गरज नाही. पाण्यावर उताणं तरंगणं, तरंगताना पालथं होणं आणि पुन्हा उभं राहणं, एवढंच प्रशिक्षकाकडून घोटून घ्या. शेवटच्या दोन वर्गांना मास्क आणि स्नॉर्कल बरोबर न्या, म्हणजे मास्क गळतोय की नाही तेही तिथेच कळेल आणि बदलायला दुकान हाताशी असेल.